दारामागची टाळी

पिक्चर मी अख्खा असा क्वचितच पाहिला. ऐकले मात्र ढिगाने. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या एका पडद्याच्या जुन्या थिएटरात मी लेडीज गेटवर होते. बायकांच्या पर्स तपासायच्या, तिकीट फाडून अर्धं हातात द्यायचं, अंधारात टॉर्च मारून खुर्ची दाखवायची, आणि सगळे बसले की दार ओढून घेऊन बाहेरच्या बाकावर येऊन बसायचं. पिक्चर दाराच्या पलीकडे, मी अलीकडे. लोकांना वाटतं फुकटात किती बघितले असतील हिने. हिरोचं शेवटी लग्न झालं की तो मेला, हे मला कितीतरी वेळा घरी अंबरनाथला जाताना रिक्षात शेजारी बसलेल्या बाईकडून कळलेलं आहे.

पण बंद दाराबाहेर बसून एक गोष्ट शिकता येते. पिक्चर कसा चाललाय ते पडद्याकडे न बघता सांगता येतं. आमच्या खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस उठला की सीट फाटकन मागे आपटायची. एखाददुसरी आपटली तर कुणीतरी बाथरूमला निघालंय. ओळीने आपटायला लागल्या की समजायचं, पिक्चर गेला. हसण्याचंही तसंच. विनोदाला हसतात तेव्हा सगळे एकदम हसतात आणि एकदम थांबतात. पिक्चरलाच हसायला लागले, की ते एका कोपऱ्यातून सुरू होतं, मग दुसरा कोपरा त्याला उत्तर देतो, आणि मग ते थांबता थांबत नाही. शांततासुद्धा दोन प्रकारची. एका शांततेत लोक श्वास धरून बसलेले असतात. दुसरीत मोबाइल बघत असतात.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक सिंधी मावशी यायच्या, त्यांच्या ओढणीत भाजलेले पापड असायचे. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही असा नियम. मी पापड काढून घ्यायला हात पुढे केला की त्या म्हणायच्या, "अरे ये खाना थोडी है, ये तो आदत है." आमचे शेठही सिंधी. ते काउंटरवरून बघायचे आणि मान फिरवायचे. मग मीही फिरवायची. दुपारच्या खेळाला रोज एक गृहस्थ फक्त झोपायला यायचे, त्यांना मी पंख्याखालची खुर्ची धरून ठेवायची. आणि वांगणीहून एक बाई यायची, माझ्याच वयाची. कुठलाही पिक्चर असो, मारामारीचा असो की विनोदी, ही कोपऱ्यात बसून रडायची. संपलं की नळावर तोंड धुऊन जायची. एकदा न राहवून विचारलं तर म्हणाली, "घरी एकच खोली आहे हो ताई. तिथे कुठे रडू?" त्यानंतर मी तिला काही विचारलं नाही.

हे सगळं सांगते आहे ते एका वेगळ्याच पिक्चरसाठी. तो आमच्याकडे एक आठवडाभरच होता. नाव 'निळ्या'.

बदलापूरचा मंगेश नावाचा मुलगा लग्नाची शूटिंग करायचा. त्याने चार मित्रांना जमवून, आईचे दागिने मोडून तो बनवला होता. गोष्ट आमच्याच गावची. जीन्स धुण्याच्या कारखान्यातला एक हेल्पर रंगाच्या टाकीत पडतो, त्याचे हात निळे होतात आणि त्या हातांत ताकद येते. मग तो ट्रक अडवतो, भिंती फोडतो, एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर उड्या मारतो. ताकद आली की तोंडाला निळा मास्क लावतो. मोठ्या पिक्चरना जागा देऊन उरलेला दुपारी बाराचा खेळ शेठनी त्याला दिला. मंगेश पाया पडायला वाकला तर शेठ म्हणाले, "मेरे नहीं, पब्लिक के पड. मैं तो दुकान खोलके बैठा हूँ."

पहिल्या दिवशी, शुक्रवारी, हॉल भरला. सगळे मंगेशच्या सोसायटीतले, नातेवाईक, मित्र. नायकाच्या प्रत्येक वाक्याला टाळ्या. अशा टाळीला आम्ही गेटवरचे लोक हिशेबात धरत नाही. खरं पब्लिक आलं शनिवारी. कॅम्पातले शिलाई कामगार, अंबरनाथची कॉलेजची पोरं, एमआयडीसीतून पाळी सुटलेले लोक. मी बाकावर बसले आणि दहा-पंधरा मिनिटांतच डाव्या कोपऱ्यातून हसणं सुरू झालं.

उड्यांच्या प्रत्येक दृश्यात नायकाच्या पाठीची दोरी दिसत होती. मोठ्या पिक्चरमध्ये ती कॉम्प्युटरवर पुसतात म्हणे. मंगेशकडे तेवढे पैसे कुठले. नायक उडाला की आतून आरोळी यायची, "दोरी, दोरी!" मग दुसरा, "अबे छोड मत, पकड के रख!" मग सगळा हॉल. दाराला कान न लावता मला ऐकू येत होतं. एका दृश्यात नायक आपल्या हातांकडे बघून काहीतरी मोठं बोलतो, तेव्हा एक माणूस जाड आवाजात म्हणाला, "माझा बाप आयुष्यभर रंगाच्या टाकीत उभा होता. त्याला फक्त खोकला आला." त्याच्यावरही हसले. पण ते हसू अर्ध्यातच बसलं. हॉलमधले निम्मे लोक तेच काम करणारे होते.

त्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या जरा आधी मंगेश एका टेम्पोतून एका तरुणाला घेऊन आला होता. चाकाच्या खुर्चीवर बसलेला, काळासावळा, रुंद खांद्यांचा मुलगा. खांदे आणि दंड पैलवानासारखे, आणि कमरेखाली पाय असे पडलेले की पँट रिकामी वाटावी. आमच्या थिएटरला पायऱ्या. मंगेशने एका बाजूने आणि पुरुषांच्या गेटवरच्या पाटीलमामांनी दुसऱ्या बाजूने खुर्ची उचलली. मागून एक बाई चालत होती, गुडघ्याच्या जरा खाली नेसलेलं लुगडं, हातात पाण्याची बाटली आणि एक घडी केलेली गोधडी. मुलाला आत सोडलं, गोधडी त्याच्या पाठीमागे नीट लावली, आणि ती बाहेर आली.

"तिकीट आहे ना तुमचं? बसा की आत," मी म्हटलं.

"नको. मी हितंच बसते. त्यो म्हणतो आत लई आवाज असतो, तुझं डोकं दुखंल."

ती माझ्या बाकावर टेकली. तिचं नाव गोमीबाई. चामटोलीच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला त्यांची वाडी. थोडी भातशेती, बाकी मिळेल ती मजुरी. आतला मुलगा जयराम, एकुलता. लहानपणापासून झाडांवर आणि कड्यांवर चढण्यात पटाईत. सुट्टीच्या दिवशी मुंबईहून डोंगर चढायला लोक येतात, त्यांच्यासाठी दोऱ्या बांधायला तो जायचा. तिथेच मंगेशने त्याला पाहिलं आणि पिक्चरमध्ये घेतलं. मास्क लावलेला निळ्या म्हणजे जयराम होता. मास्क काढला की एका जिमचा देखणा ट्रेनर.

"आन् शूटिंगला पडला," ती म्हणाली. एवढंच.

आतून हसण्याचा लोंढा आला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"हसायचा पिच्चर हाय का?"

"आहे थोडा," मी म्हटलं.

"बरं हाय. लोकांनी हसावं."

शेवटाकडे आत एकदम शांत झालं. श्वास धरलेली शांतता. मग शे-दोनशे माणसांच्या तोंडून एकच 'हाऽऽ' निघाला, आणि लगेच टाळ्या, शिट्ट्या, खुर्च्यांच्या दांड्यांवर हात आपटल्याचे आवाज. त्या पिक्चरला पडलेली ती पहिली खरी टाळी. मला बरं वाटलं.

"हे कशाला वाजवलं?" गोमीबाईने विचारलं.

मलाच माहीत नव्हतं. "मोठी उडी मारली असेल हिरोनं."

तिने मान हलवली आणि बाटलीचं झाकण घट्ट केलं.

खेळ सुटला. पोरं बाहेर पडताना दोरीच्या नकला करत होती, पण प्रत्येक घोळक्यात तेच, "लास्टवाली जंप कडक होती." जयराम सगळ्यांच्या मागून बाहेर आला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. चाकाची खुर्ची बघून लोक वाट देत होते आणि पुढे होऊन त्याच्याच उडीबद्दल बोलत होते. त्याचा चेहरा इतका उजळला होता की मी बघतच राहिले.

तेव्हापासून तो रोज आला. कधी मंगेश आणायचा, कधी मायलेक रिक्षाने यायचे. त्या वाडीपासून रस्त्यापर्यंत खुर्ची ढकलत आणणं म्हणजे काय, ते तिथला रस्ता पाहिल्यावर मला कळलं. तेव्हा नाही. रोज तो आत, आम्ही दोघी बाकावर. ती कधी करवंदं आणायची, कधी उकडलेल्या शेंगा. मी तिला थिएटरातल्या गमती सांगायची. सिंधी मावशींच्या पापडावर ती तोंडाला पदर लावून हसली. रोज शेवटाकडे ती टाळी पडायची. आणि रोज ती विचारायची, "आता कशाला?" आणि मी काहीतरी सांगायची.

दोन-तीन दिवसांनी मी ठरवून दाराच्या आत उभी राहिले. म्हटलं, एवढी टाळी कशाला पडते ते बघावं तरी.

दोन अर्धवट बांधलेल्या इमारती. निळ्या एकीच्या स्लॅबवरून धावत येतो आणि दुसरीकडे झेप घेतो. आधी पाठीला दोरी दिसते. मग दिसत नाही. हवेत असतानाच त्याचं अंग एका बाजूला वळतं, एक हात काहीतरी धरायला मागे जातो. धरायला काही नसतं. तो खाली जातो. कॅमेरा त्याच्यामागे खाली वळतो आणि धूळ उडते. लगेच दुसरं चित्र. धुळीतून तो देखणा ट्रेनर उठतो आणि कपडे झटकतो. टाळ्या, शिट्ट्या.

मी गेटवर कितीतरी हाणामाऱ्या ऐकल्या आहेत, काही पाहिल्याही आहेत. माणूस पडण्याचं सोंग करतो तेव्हा हात असा मागे जात नाही.

मंगेश मागच्या भिंतीला टेकून उभा होता. पडद्याकडे पाठ करून. मी त्याला बाहेर बोलावलं.

"ती उडी नाही ना रे?"

तो म्हणाला, "दोरीचा हूक उघडला, ताई. रेतीचा ढीग होता खाली, पण तो त्याच्या कडेला पडला. कडेला विटा होत्या."

"आणि तू ते लोकांना दाखवतोस?"

"मी ते कापून टाकलं होतं. पिक्चरच बंद केला होता. दवाखान्यात मीच होतो त्याच्याजवळ, त्याच्या आईला मदतीला. तिथे एक दिवस तो म्हणाला, मला दाखव. मी नाही म्हटलं. रोज मागायला लागला. शेवटी मोबाइलवर दाखवलं. बघून म्हणाला, हे लाव. बाकी सगळ्यात दोरी दिसते, लोक हसतील. हे एकच खरं वाटतंय. माझी पाठ गेली ती अशीच नको जायला." मंगेशने तोंडावरून हात फिरवला. "आईला सांगू नकोस म्हणाला. तिला माहीत नाही ते पिक्चरमध्ये आहे. म्हणून तो तिला आत येऊ देत नाही."

मी बाकाकडे पाहिलं. गोमीबाई शेंगांची टरफलं एका कागदात गोळा करत होती.

त्यानंतर माझं तिच्याशेजारी बसणं अवघड झालं. ती "आता कशाला?" म्हणायची आणि मला तो मागे गेलेला हात दिसायचा. मी सांगायची, "गाडी उलटवली असेल," "व्हिलनला धरलं असेल." ती ऐकून घ्यायची. खोटं बोलण्याची मला सवय नाही असं नाही, गेटवर रोज बोलावं लागतं. हाऊसफुल्ल नसताना हाऊसफुल्ल म्हणायचं, वरचा पंखा चालू आहे म्हणायचं. पण हे खोटं दिवसभर तोंडात राहायचं.

गुरुवारी शेवटचा खेळ. शुक्रवारपासून हिंदीतला मोठा पिक्चर लागणार होता, त्याची पोस्टरं सकाळीच लागली. 'निळ्या'चं एक पोस्टर जयरामने मागून घेतलं, सुरळी करून मांडीवर ठेवलं आणि आत गेला. पब्लिक जवळजवळ नव्हतं. मागे एक जोडपं, मधे शिलाईचे पाच-सहा कामगार, आणि पंख्याखाली आमचे झोपणारे गृहस्थ.

मध्यंतर झालं आणि गोमीबाई उठली. "मी पण जाते आज आत."

माझं कामच ते. कुणाला आत सोडायचं, कुणाला थांबवायचं. इतक्या वर्षांत दारू प्यालेल्यांना अडवलं, बिनतिकिटाच्या पोरांना अडवलं. पण तिच्यापुढे मला हात आडवा घालता येईना आणि बाजूलाही होता येईना. मी तिला परत बाकावर बसवलं.

"गोमीबाई, एक सांगायचं होतं. पिक्चरमध्ये शेवटी जे आहे, ज्याला टाळी पडते..." मला पुढचं वाक्य जुळेना. "जयराम पडला ना, ते त्यात आहे. तेच आहे ते."

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मना ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगंल? मी तितं व्हते ना. त्याची भाकरी घेऊन गेले व्हते. वर बघत व्हते, आन् तो सुटला तवा मी डोळं मिटलं. पैल्या दिवशी टाळी पडायच्या आधी लोकांनी 'हा' केलं ना, तवाच वळखलं. तितं बी लोकांनी तसंच केलं व्हतं."

"मग तुम्ही रोज मला का विचारत होतात, कशाला वाजवलं म्हणून?"

"तुमी काय सांगता ते ऐकायला. चांगलं सांगायचा तुमी. गाडी उलटवली, चोर धरला. आन् त्याला काय बोलू नका. त्याला वाटतंय मना ठावं नाय. वाटू दे."

मग ती म्हणाली, "मना पोरगा पडताना नाय बघायचा. मना लोकं बघायचीत. टाळी वाजवतात तवा त्यांचं तोंड कसं असतं ते."

आमच्या हॉलमध्ये पडद्याच्या उजव्या अंगाला बाहेर निघायचं एक दार आहे. त्याला आतून जाड काळा पडदा. त्याच्याआड, फटीला उभं राहिलं की पिक्चर दिसत नाही, पण सगळं पब्लिक समोर दिसतं, पिक्चरच्या उजेडात. तिथे कुणाला उभं करायची परवानगी नाही. मी तिला गल्लीकडून फिरवून नेलं, दार हळूच उघडलं आणि आम्ही दोघी त्या पडद्याआड उभ्या राहिलो. आवाज छातीवर आपटत होता.

समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा आणि अधेमधे चेहरे. कधी निळे, कधी पिवळे. बाजूच्या वाटेत जयरामची खुर्ची. शेवट जवळ आला तसं मी गोमीबाईचं मनगट धरलं. संगीत थांबलं. धावण्याचा आवाज आला. आणि मी पाहिलं, जयराम पडद्याकडे बघतच नव्हता. त्याने हातांनी चाक अर्धं वळवून घेतलं होतं आणि तो मागे, लोकांकडे बघत होता. रोज तेच करत असणार. ते पडणं त्यालाही बघायचं नव्हतं.

'हा' झालं नाही. एक कामगार जरा पुढे वाकला, एवढंच. मागचं जोडपं आपसात बोलत होतं. एक माणूस मोबाइलचा उजेड तोंडावर घेऊन बसला होता. धूळ उडाली, ट्रेनर उठला, कपडे झटकले. हॉलमध्ये काही नाही. जयराम मान वळवून तसाच थांबला. आधी या रांगेकडे, मग त्या रांगेकडे.

मी गोमीबाईचं मनगट धरलं होतं ते तिने सोडवलं. आणि टाळी वाजवली. आपण लग्नात वाजवतो तशी नाही. दोन्ही तळवे खोलगट करून, सावकाश, एक, मग आणखी एक. त्या रिकाम्या हॉलमध्ये ती खडकावर दगड आपटावा तशी वाजली. मग मीही वाजवली. हॉलच्या मागच्या दारातून पाटीलमामांनी काय समजून कोण जाणे वाजवली. एका कामगाराने शिट्टी घातली. पंख्याखालचे गृहस्थ दचकून जागे झाले आणि त्यांनीही दोन वाजवल्या.

जयरामने झटकन आमच्या काळ्या पडद्याच्या दिशेने पाहिलं. मी तिला मागे ओढलं.

तो बाहेर आला तेव्हा ती बाकावर बसलेली होती, पदराने मान पुसत.

"आये, आज बी वाजली," तो म्हणाला.

"कशाला रं?"

"असंच. एक उडी हाय."

"बरं," ती म्हणाली, आणि त्याच्या पाठीमागची गोधडी सारखी केली. पाटीलमामांनी आणि मंगेशने खुर्ची उचलून पायऱ्या उतरवल्या. जयरामने वरून खाली येईपर्यंत पोस्टरची सुरळी छातीशी धरली होती. टेम्पो सुटताना त्याने मला हात केला.

'निळ्या' दुसऱ्या कुठल्या थिएटरला लागला नाही. मंगेशने तो इंटरनेटवर टाकला. मंगेश पुन्हा लग्नाच्या शूटिंगला लागला. कधीमधी फोन करायचा. एकदा म्हणाला, "खाली लोक लिहितात, ताई. दोरी दिसते म्हणून हसतात. ते मला चालतं. पण त्या शेवटच्या उडीखाली लिहितात, ग्राफिक्स बरं जमलंय."

आमचं थिएटरही पुढच्या वर्षभरात बंद झालं. शेवटच्या दिवशी शेठ हॉलमध्ये एकटेच जाऊन बसले होते. मी टॉर्च परत करायला गेले तर म्हणाले, "रख लो बाई. अब यहाँ किसको सीट दिखाओगी?" टॉर्च घरी आहे. लाईट गेली की काढते.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मंगेशचा फोन आला. जयराम गेला. एका जागी बसून पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यात ताप आला आणि तो उतरलाच नाही. मला लगेच जाता आलं नाही, पाण्याने वाडीचा रस्ता बंद होता. दसरा झाल्यावर मंगेशबरोबर गेले. बदलापूरहून चामटोली, तिथून पुढे डांबर संपतं आणि दगडांची चढण लागते. मी गुडघे धरत चढले. खुर्ची ढकलत ती बाई इथून रोज कशी आली असेल, ते तेव्हा कळलं.

गोमीबाई अंगणात बसली होती. मला बघून उठली, पाणी दिलं. घरात कुडाच्या भिंतीवर ते पोस्टर लावलेलं होतं, वर प्लास्टिक. मंगेश ते बघून बाहेर गेला आणि वाटेवर जाऊन उभा राहिला.

आम्ही दोघी अंगणात बसलो, थिएटरात बसायचो तशा, शेजारी शेजारी. मग तीच बोलली.

"त्याला कळलं व्हतं."

"काय?"

"त्या शेवटच्या दिवशीचं. मी वाजवली ते. तापात व्हता तवा बोलला. आये, तुझी टाळी मना कळत नाय होय? लहान व्हतो तवापासून ऐकतोय. भातावरची पाखरं उडवतेस तीच ती." तिने हाताकडे पाहिलं. तळवे थोडे खोलगट केले आणि मांडीवर ठेवले. "म्हंजे मना ठावं हाय, हे त्याला ठावं व्हतं. तवापासून. आन् मना कधी बोलला नाय."

"तुम्ही तरी कुठे बोललात," मी म्हटलं.

"नाय बोलले."

अंगणात नवीन भात वाळत घातलं होतं. आम्ही बोलत होतो तेवढ्यात चिमण्यांचा थवा उतरला आणि दाणे टिपायला लागला. एक दोन करता करता सगळं अंगण भरलं. गोमीबाई त्यांच्याकडे बघत होती. तिचे हात मांडीवरच राहिले. मी थोडा वेळ वाट पाहिली, मग उठले आणि पदर हलवून त्या हाकलल्या.